दोन मिनिटांत पिक्चर सुरू तरी होऊ दे!

या महिन्याच्या मेलमध्ये बालचित्रपटाची सुरुवात शूट करणारी मंडळी इतकी निघाली की बाकीचे प्रश्न सरळ पुढच्या अंकात ढकललेत. कोणाचा कॉलेजचा प्रोजेक्ट, कोणाचा ए लेव्हलचा, एक बाई तर झेडपीच्या शाळेतल्या. नावं काढून टाकलीत, गावं ठेवलीत. लिंका पाठवल्या होत्या त्या सगळ्या बघितल्यात, त्यामुळे काही ठिकाणी जरा जास्तच स्पष्ट बोललेय, चालवून घ्या.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं पुण्यात ए लेव्हल करतोय. मीडिया स्टडीजला केंब्रिजचा पोर्टफोलिओ असतो त्यात एका नवीन फिक्शन फिल्मची टायटल्ससकट सुरुवात करायची असते, दोन मिनिटं. सगळे हॉरर नाहीतर थ्रिलर करतात म्हणून आम्ही चिल्ड्रन्स फिल्म घेतली. आयडिया अशी की अलार्म वाजतो, मुलगा उठतो, ब्रश करतो, आई डबा भरते, तो सायकलवरून शाळेत जातो, या सगळ्यावर टायटल्स आणि शाळेच्या गेटवर फिल्मचं नाव. आमच्या मॅडम 'बरं आहे' म्हणाल्या पण चेहरा तसा नव्हता. काय कमी पडतंय?

पहिले तो अलार्म बंद करा. खरंच सांगते, विद्यार्थ्यांच्या फिल्मा बघायला बसलं की अलार्म, मग उशीखालून येणारा हात, मग बेसिन, मग टूथपेस्ट. ढिगाने येतात. आणि प्रत्येक ग्रुपला वाटत असतं हे आपल्यालाच सुचलंय.

हे होतं कारण सुरुवात म्हणजे ओळख करून देणं असं आपल्या डोक्यात बसलंय. हा मुलगा कोण, घर कसं, आई कशी, शाळा कुठेय. पण बघणाऱ्या पोराला अजून त्याच्याशी ओळख करून घ्यावीशी वाटलेलीच नाहीये ना. सकाळी उठणं, दात घासणं, आईची घाई हे तो रोज भोगतोय, वर परत स्क्रीनवर कशाला बघेल? सुरुवातीत काहीतरी सुरू झालं पाहिजे. कोणालातरी काहीतरी हवंय आणि ते सरळ मिळत नाहीये, एवढं दिसलं तरी खूप झालं, घरदार शाळा गाव सगळं त्याच्या मागे मागे आपोआप दिसतं. मोठ्यांच्या पिक्चरला वातावरणनिर्मितीत पाच मिनिटं घालवता येतात, आपण सभ्यपणे बसून राहतो. पोरं सभ्य नसतात, आणि ते बरंच आहे.

आता जे हवंय ते छोटं पाहिजे, डोळ्यांना दिसेल असं. 'आईबाबांनी मला समजून घ्यावं' हे शूट करता येत नाही. 'ही वस्तू कोणाला दिसता कामा नये' हे मस्त शूट होतं.

तुमचीच सकाळ घेऊ, काही फेकायची गरज नाही. आई डबा भरून देते, मुलगा तो घेऊन आतल्या खोलीत जातो, पोळी-भाजी कागदात गुंडाळून कंपासपेटीत कोंबतो, कंपासमधलं सामान खिशात, आणि कर्कटकाने डब्याच्या झाकणाला भोकं पाडतो. (डबा प्लॅस्टिकचा घ्या, स्टीलला कर्कटकाने काही होणार नाही, उगाच हात कापून घ्याल.) मग त्यात काहीतरी ठेवतो, काय ते आपल्याला दाखवायचं नाही. आता तोच सायकलचा प्रवास बघा कसा बदलतो. डबा दप्तरात नाहीये, बास्केटमध्ये आहे, एक हात त्याच्यावर. स्पीडब्रेकर आला की हा खाली उतरून सायकल हळूच ढकलत नेतो. मित्र विचारतो आज डब्यात काय आणलंय, हा म्हणतो 'कारलं'. मित्र लांब सरकतो. फिल्मचं नाव. झालं, दोन मिनिटं भरली, आणि शाळा पण आली, सायकल पण आली, आई पण आली.

फक्त डब्यात काय आहे ते तुम्हाला नक्की माहीत पाहिजे बरं का. 'आम्ही सस्पेन्स ठेवलाय' म्हणणाऱ्या ग्रुपला विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. आणि डब्यात जिवंत काही असेल तर शूटला ते खरंच डब्यात कोंडू नका, आपण दाखवणारच नाहीये तर रिकामा डबा चालतो.

एक चांगलं उदाहरण बघायचं तर 'तारे जमीन पर', २००७ चा, फक्त सुरुवात बघा, आवाज मोठा करून. आधी वर्गात मार्क वाचून दाखवल्याचे आवाज येतात, आणि मग तो मुलगा दिसतो तो शाळेबाहेर गटारातले मासे पकडण्यात गुंगलेला. याचं अभ्यासात लक्ष नाही असं कोणी म्हणालेलं नाही. त्याचं लक्ष कुठे आहे ते दाखवलंय. मुलगा कशाकडे बघतोय हे ठरलं की निम्मं काम संपतं.

अजून एक, लिहिण्याआधी ठरवा की फिल्म मुलांबद्दल आहे का मुलांसाठी. लहान मूल हिरो असलं की ती आपोआप बालचित्रपट होत नाही, 'फँड्री'चा हिरो शाळकरी मुलगाच आहे पण ती कोणी बालचित्रपट म्हणून बघत नाही. तुमच्या प्रोजेक्टच्या ब्लॉगवर प्रेक्षकाचं वय लिहिताना 'सर्व वयोगट' असलं काही टाकू नका. सात ते दहा असं लिहा, आणि मग प्रत्येक शॉटला त्या सात वर्षांच्याला हे कळेल का असं विचारा.

प्रश्न : आम्ही ठाण्याला मास मीडियाला आहोत. दोन मिनिटांच्या ओपनिंगसाठी ४६ शॉट लिहिलेत, मेमधला एक रविवार मिळतोय, लोकेशन सोसायटीचं ग्राउंड आणि मित्राचं घर. एका दिवसात होईल ना? स्टोरीबोर्ड काढावा लागेल का? कोणालाच ड्रॉइंग येत नाही.

नाही होणार. हिशोब करू या, तुम्हीच करायला हवा होता पण ठीक आहे.

दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद. ४६ शॉट म्हणजे एक शॉट अडीच सेकंदांच्या आसपास, त्यात टायटल वाचायची, म्हणजे काही शॉट चार-पाच सेकंद धरावेच लागणार, मग बाकीचे दीड सेकंदाचे. ही फिल्म नाही झाली, लग्नाचा टीझर झाला. तीसच्या आत आणा.

आता दिवस. मेमध्ये बाहेरचा बरा उजेड सकाळी ७ ते १० आणि दुपारी ४ ते साडेसहा. साडेपाच तास. कॅमेरा हलवणं, लावणं, रिहर्सल, दोनतीन टेक, मागून कोणीतरी बादली घेऊन गेलं म्हणून परत, असं धरून एका सेटअपला पंधरा मिनिटं लागतातच. म्हणजे बावीस सेटअप, तेही सगळं सुरळीत गेलं तर, आणि लहान मूल असेल तर सगळं सुरळीत जात नाही. घरातले शॉट दुपारी घ्या, म्हणजे भर उन्हाची वेळ फुकट जाणार नाही. भर दुपारी ग्राउंडवर का नको, तर मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो, मुंबई-ठाण्याला साधारण १५ मेच्या आसपास, सूर्य बरोब्बर डोक्यावर. सायन्सवाल्यांना मजा येते पण कॅमेऱ्यात पोराच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. अगदीच नाइलाज असेल तर झाडाखाली किंवा पॅसेजमध्ये घ्या आणि गाडीच्या काचेला लावतात ना तो चंदेरी सनशेड, तो खालून धरा. रिफ्लेक्टर भाड्याने आणायची गरज नाही.

आणि रविवार? सोसायटीचं ग्राउंड? मे महिना? अरे तिकडे तीन टीमची क्रिकेट चालू असणार. मंगळवार बघा.

रेकीला, म्हणजे जागा आधी बघून यायला, गेलात तर ज्या वेळेला शूट आहे त्याच वेळेला जा. संध्याकाळी फिरायला गेल्यासारखं जाऊन 'लोकेशन एक नंबर आहे' म्हणून येतात आणि शूटच्या दिवशी सकाळी कळतं की तिथे नेमका पाण्याचा टँकर लागतो. तिथे उभं राहून मिनिटभर डोळे मिटा आणि नुसतं ऐका, जनरेटर, मिक्सर, शेजारच्या बिल्डिंगचं ड्रिलिंग. फोनवर तीसेक सेकंद रेकॉर्ड पण करून आणा, एडिटला तो नुसता जागेचा आवाज सोन्यासारखा कामाला येतो.

स्टोरीबोर्डला ड्रॉइंग लागत नाही. काड्यांची माणसं काढा, बाण काढा. किंवा अजून सोपं, रेकीलाच ग्रुपमधल्या बुटक्या मेंबरला मुलाच्या जागी उभं करून फोनवर फोटो घ्या, ते फोटो टाइमलाइनवर टाका, प्रत्येकाला जितके सेकंद द्यायचेत तितके ओढा, खाली स्वतःच्या आवाजात 'आई ओरडते', 'दार वाजतं' असं बोलून टाका. याला ॲनिमॅटिक म्हणतात आणि माझं म्हणणं हे केल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावू नये. ४६ पैकी कुठले सोळा उडवायचे हे मला विचारावंच लागणार नाही, बहुतेक सगळे 'जाण्याचे' शॉट निघतील. जिना उतरतो, गेटमधून बाहेर येतो, वळतो, परत चालतो. आपण पोचलेला दाखवला तरी प्रेक्षकाला कळतं की हा उडत नाही आला.

मुलगी घरातून निघून स्क्रीनवर उजवीकडे चालली असेल तर ग्राउंडवर पोचेपर्यंत प्रत्येक शॉटमध्ये उजवीकडेच जाऊ दे, मध्येच रस्त्याच्या पलीकडून शूट केलंत की ती घरी परत निघाल्यासारखी वाटते. आणि स्क्रिप्टमध्ये तो एक स्टेशनवरचा शॉट आहे तो परवानगीशिवाय गपचूप काढायच्या भानगडीत पडू नका, प्लॅटफॉर्मवर शूट करायला रेल्वेची रीतसर परवानगी लागते. नुसता गाडीचा आवाज वापरा.

प्रश्न : ताई मी कोल्हापूरचा. आमच्या ओपनिंगमध्ये माझ्या मावशीचा मुलगा आहे, सात वर्षांचा. घरात दिवसभर नाटकं करत असतोय पण कॅमेरा लावला की खांब होतोय नुसता. नाहीतर लेन्सकडे बघून हसतोय. रडायचा एक सीन आहे तो कसा करून घ्यायचा? कोणीतरी म्हणालं खोटंखोटं रागवा.

रागावण्याचं आधी सांगते, अजिबात नाही. ज्याने हे सांगितलं त्याला सेटवर बोलवू नकोस. एकतर ते क्रूर आहे, आणि दुसरं, एकदा तसं केलंस की तो पोरगा तुझ्यावर परत विश्वास ठेवणार नाही आणि उरलेले शॉट कोण देणार? सात वर्षांचं मूल रडतानाचा क्लोजअप तुला लागतच नाही. पाठमोरा बसलाय, मान खाली, बोटाने जमिनीवर काहीतरी रेघोट्या ओढतोय आणि बाजूला कुत्र्याने येऊन तोंड लावलं, यात प्रेक्षक स्वतःच रडून घेतो.

बाकीचं सांगते ते नीट वाच. लहान मुलाला भावना सांगायची नाही, काम द्यायचं. 'दुःखी हो' म्हणालास की तो खालचा ओठ बाहेर काढणार, टीव्हीवर बघितलेला. त्याऐवजी बुटाच्या नाडीला खरोखरची घट्ट गाठ मार आणि म्हण ही सोडव, घाई आहे. तो जो वैतागेल ना ते खरं असेल. डायलॉग पाठ करून घेऊ नकोस, पाठ केलेलं पोर स्नेहसंमेलनात बोलतं तसं बोलतं, शेवटचा शब्द वर नेऊन. काय सांगायचंय ते सांग आणि त्याच्या शब्दात बोलू दे, तुमच्या कोल्हापुरी हेलात तर अजून भारी वाटेल, कृपा करून त्याला पुणेरी बोलायला लावू नका.

लेन्सकडे बघू नको असं सांगितलं की तो लेन्सकडेच बघणार, त्यामुळे बघायला दुसरं काहीतरी दे. लेन्सच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटव, त्यावर रोज नवीन चित्र. 'ॲक्शन' ओरडू नकोस, त्या शब्दानेच पोरं ताठ होतात, कॅमेरा आधीच चालू ठेव आणि गप्पा मारता मारता 'चल दाखव बरं' म्हण. रिहर्सल सगळ्या रेकॉर्ड कर. बऱ्याच वेळा पहिली रिहर्सलच फिल्ममध्ये जाते.

कॅमेरा खाली आण. तू पाठवलेल्या क्लिपमध्ये सगळे शॉट तुझ्या उंचीवरून आहेत, म्हणजे फिल्म तुझी झाली, त्याची नाही. सात वर्षांचं पोर साधारण चार फूट, डोळे साडेतीन फुटांवर, तिथे लेन्स पाहिजे. स्टूलवर ठेव, पाटावर ठेव, काहीही. मग दाराची कडी, ओट्याची कड, मोठ्यांचे गुडघे हे सगळं किती वेगळं दिसतं बघ. मोठ्या माणसांची तोंडं दाखवायचीच नाहीत, फक्त कमरेपर्यंत, हे पण करता येतं, पण करायचं असेल तर कारण पाहिजे, उगाच स्टाइल म्हणून दोन मिनिटं केलं तर कॅमेरामन झोपला होता असं वाटतं.

वेळ. बालकलाकारांसाठी कायद्यात नियम आहेत, २०१७ च्या नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांच्या वर नाही आणि सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. ते प्रोफेशनल शूटसाठी आहेत आणि तिथे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी वगैरे पण असते, तुझी घरगुती फिल्म आहे. पण ही जास्तीत जास्तची मर्यादा आहे हे लक्षात ठेव, सात वर्षांच्या पोराकडून प्रत्यक्षात दोन-अडीच तास चांगलं काम मिळतं, मग तो संपतो. त्याचे क्लोजअप सगळ्यात आधी. मावशी सेटवर असू दे, पण मॉनिटरच्या मागे नको, नाहीतर तो प्रत्येक टेकनंतर आईकडे बघणार. चॉकलेटची लाच लावू नकोस, प्रत्येक टेकला रेट वाढतो.

आणि शूट दोन दिवसांचं असेल तर ते लागोपाठ ठेव. सात वर्षांचाय, पुढचे दात हलत असणार. मध्ये आठवडा गेला आणि दात पडला की कंटिन्यूटी गेली. शर्ट दोन सारखे घे, चप्पल तीच, आणि प्रत्येक सीनच्या शेवटी समोरून-मागून फोटो काढून ठेव.

प्रश्न : घरात ट्यूबलाइटमध्ये फोनवर शूट केलं की स्क्रीनवर पट्टे फिरतात. फोन खराब आहे का? (लातूर)

फोन चांगला आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते, आणि फोन सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंदाच्या शटरवर असतो, दोघांचं जुळत नाही. फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० किंवा १/१०० कर, पट्टे जातील. फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात हे नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे, पण सगळ्या अँड्रॉइडवर चालत नाही, आधी बघून घे. काही स्वस्त एलईडी बल्ब असतात त्यांचे पट्टे काही केल्या जात नाहीत, तिथे बल्ब बदलायचा किंवा खिडकीपाशी बसायचं. आणि एक्सपोजर (उजेडाचं सेटिंग) लॉक कर प्लीज, तुझ्या क्लिपमध्ये मुलगी चालायला लागली की भिंत उजळते.

प्रश्न : ओपनिंगला 'नाच रे मोरा' लावायचंय. ७० वर्षं जुनं गाणं आहे, आता फ्री झालं असेल ना? नाहीतर आम्ही स्वतः गाऊन घेतलं तर? (नाशिक)

हा प्रश्न छान आहे कारण उत्तर उलटं आहे. गाणं १९५३ च्या 'देवबाप्पा'मधलं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, म्हणजे त्या जुन्या रेकॉर्डिंगचा २०१३ अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचा हिशोब वेगळा, तिथे लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. शब्द गदिमांचे, ते १९७७ साली गेले, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत. चाल पुलंची, ते २००० साली गेले, म्हणजे २०६०. तुम्ही स्वतः गायलात तरी शब्द आणि चाल तीच ना, त्यामुळे स्वतः गाऊन सुटका होत नाही.

वर्गात, सरांसमोर, पालकांसमोर दाखवायला कायद्यात शिक्षणासाठीची सूट आहे, तिथे कोणी तुम्हाला पकडणार नाही. पण तुम्ही ते यूट्यूबवर टाकणार, फेस्टिव्हलला पाठवणार, आणि तिथे सूट संपली. यूट्यूबचं मशीन तर कायदा बघत पण नाही, मॅच झालं की कॉपीराइटचा क्लेम येतो, जुनं का नवं याच्याशी त्याला घेणं नाही.

माझं विचाराल तर गाणं काढाच. ओळखीचं लाडकं गाणं लावलं की प्रेक्षक त्याच्या स्वतःच्या बालपणात निघून जातो आणि तुमची फिल्म बघतच नाही. ग्रुपमध्ये कोणाला पेटी येत असेल, कोणी नुसतं बाकावर ठेका धरत असेल, तर आठ मात्रांची एक ओळ बनवा आणि तीच फिरवा. दप्तराच्या बकलचा आवाज, पट्टी टेबलाच्या कडेला धरून वाजवतात तो टर्रर्र आवाज, असं गोळा करून त्याचाच ठेका बनवला तर टायटल म्युझिक तिथेच तयार.

प्रश्न : टायटल्स मराठीत करायचीत पण सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केलं की वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरं फुटतात. इंग्लिशमध्येच करून टाकू का? आणि कोणाचं नाव आधी? (रत्नागिरी)

इंग्लिश नको, इतकं काही अवघड नाही. ॲडोबीच्या प्रीमिअरमध्ये एडिट करत असाल तर प्रेफरन्समध्ये ग्राफिक्समध्ये जाऊन साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडा आणि नवीन टेक्स्ट लेयर घ्या, वेलांट्या जागेवर येतात. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये त्रास होत असेल तर भांडत बसू नका, इंकस्केप नावाच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टायटल बनवा, पारदर्शक पीएनजी काढा आणि चित्र म्हणून लावा. डीटीपीवाल्याकडून आणलेला जुना फाँट असेल तर तो युनिकोड नसतो, तिथेच निम्मे घोळ होतात. मुक्त आणि बलू हे दोन्ही मुंबईच्या एक टाइपवाल्यांचे फाँट गूगलवर फुकट आहेत, बलू तर मुलांच्या फिल्मला शोभतोच, गुबगुबीत आहे. टाइप झाल्यावर 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे आलेत का तेवढं डोळ्याखालून घाला.

पण तुमची गोष्ट शाळेची आहे, मग फाँट हवाच कशाला? वहीच्या लेबलवर नाव, फळ्यावर खडूने नाव, बाकावर कोरल्यासारखं नाव (कोरू नका, पेन्सिलने), आणि कॅमेरा त्यावरून जाऊ दे. खडूची अक्षरं ग्रुपमधल्या सगळ्यात वाईट अक्षरवाल्याकडून काढून घ्या, सुंदर अक्षर काढलं की ते बाईंनी लिहिल्यासारखं दिसतं.

क्रम साधारण असा, आधी कोणाची निर्मिती, मग कलाकार, मग फिल्मचं नाव, मग लेखन, संगीत, छायाचित्रण, संकलन, निर्माता, आणि दिग्दर्शक सगळ्यात शेवटी. फिल्मचं नाव कलाकारांच्या आधी किंवा एकदम शेवटी पण घेतात, पण दिग्दर्शक शेवटी हे सहसा मोडत नाहीत. चौघांच्या ग्रुपमध्ये एकेकाचं नाव सहा सहा वेळा येतं ते फार हास्यास्पद दिसतं, एका कार्डावर दोन कामं टाका. टायटल किती वेळ ठेवायची? दुसरीतल्या मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि घड्याळ लावा, तेवढा वेळ.

प्रश्न : एडिट झालंय. आमच्या वर्गात सगळ्यांना आवडलं पण एक सर म्हणतात स्लो आहे, मुलांना फास्ट कटिंग लागतं. खरंय का? (नागपूर)

सर म्हणतात म्हणून नाही आणि वर्ग म्हणतो म्हणून पण नाही. अविनाश अरुणचा 'किल्ला' काही धावपळीचा पिक्चर नाहीये, कोकण, पाऊस, वडील गेलेला एक गप्प मुलगा, नवीन गाव, आणि २०१४ ला बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये त्याला क्रिस्टल बेअर हे बक्षीस मिळालं ते मुलांच्याच ज्यूरीने दिलं. पोरांना हळू चालतं, कारण नसताना हळू चालत नाही.

चारपाच मुलं गोळा करा, सोसायटीतली, ओळखीची नकोत शक्यतो. लावा आणि तुम्ही स्क्रीनकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. ज्या सेकंदाला पोर चप्पल शोधायला लागलं तो टाइमकोड लिहून घ्या. संपल्यावर 'आवडलं का' विचारू नका, समोर ताईदादा बसलेत म्हणून सगळी हो म्हणतात. 'पुढे काय होईल' विचारा. भांडायला लागली तर ठीक चाललंय. गप्प बसली तर कटिंग फास्ट करून काही होणार नाही, गोष्टच अजून सुरू झालेली नाही. तुमच्या लिंकमध्ये पहिले बावीस सेकंद तलाव, झाड, ढग आहेत. ढग छान आहेत. काढा.

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यात झेडपी शाळेत शिकवते. सहावीच्या मुलांना स्वतःच फिल्मची सुरुवात बनवायची आहे, विषय शाळेतली बाग. कॅमेरा म्हणजे फक्त माझा फोन. तो संध्याकाळी माझ्याबरोबर घरी जातो. काय करता येईल?

बाई, तुम्हाला फाळक्यांची गोष्ट माहीत असेल. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ ला आला, पण त्याच्या आधी पैसे उभे करायला लोकांना पटवायचं होतं, म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडं थोडं शूट करत रोप वाढताना दाखवलं. 'अंकुराची वाढ'. तुमच्या मुलांची सुरुवात हीच होऊ शकते, वाटाण्याऐवजी मूग घ्या, लवकर उगवतो.

हिशोब मुलांकडूनच करून घ्या, गणिताचा तास होईल. सेकंदाला २५ फ्रेम, एक फोटो दोन फ्रेम धरला की सहा सेकंदांना ७५ फोटो. दिवसाला सहा फोटो, म्हणजे प्रत्येक तासाच्या घंटेला एक, तर तेरा शाळेच्या दिवसांत होतं. फोन रोज काढायचा आणि ठेवायचाय म्हणून एका खोक्याला फोनच्या मापाची खाच पाडा आणि खोकं आणि कुंडी दोन्हीच्या भोवती फरशीवर खडूने नाही, ऑइल पेंटने खुणा करा, खडू झाडताना पुसला जातो. कुंडी खिडकीच्या थेट उन्हात नको, प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येईल. रोज सहा मुलं, प्रत्येकाचा एक फोटो, म्हणजे सगळ्यांचा हात कॅमेऱ्याला लागतो. नाहीतर हुशार दोघं फोन धरतात आणि बाकीचे 'गर्दी' होतात.

रोप वर येतंय आणि शेवटच्या फोटोत कोणाचातरी हात आत येऊन ते उपटतो, तिथे फिल्मचं नाव, असं काहीतरी मुलांना सुचवून बघा, किंवा नका सुचवू, त्यांना याहून भयंकर काहीतरी सुचेल.

आवाज सगळे नंतर वर्गात करा, पंखा बंद करून. आणि पालकांचं संमतीपत्र आधी घ्या, साध्या कागदावर, फिल्म शाळेत दाखवणार का व्हॉट्सॲप ग्रुपवर का यूट्यूबवर ते त्यात स्पष्ट लिहून, कारण फोटोला हो म्हणणारे पालक यूट्यूबला हो म्हणतीलच असं नाही. जी मुलं चेहरा नको म्हणतील त्यांचे हात आणि आवाज घ्या, बागेच्या फिल्मला तसेही हातच जास्त लागणारेत.